पोचा आलेला डबा

निवृत्तीकाका डबा कानाशी धरून हलवायचे. आत अननसाच्या फोडी असोत की मटार, आधी डबा कानाशी, मग झाकणावर दोन टिचक्या, मग शर्टाच्या खिशातून भिंग काढून तळाशी छापलेली तारीख, आणि सगळ्यात शेवटी डब्याच्या शिवणीवरून अंगठा. एवढं झालं की डबा एकतर पिशवीत जायचा, नाहीतर परत फळीवर. "बघू", "राहू द्या सध्या", असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आम्ही नाशिकला सिडकोत पवननगरला राहायला आलो तेव्हा समोरच्या दारावर पाटी होती, 'निवृत्ती शिंदे, स्टोअर्स इन्चार्ज'. कंपनी बंद पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण पाटी कुणी काढली नव्हती. अंबडच्या त्या कारखान्यात काकांनी तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. सायखेड्याहून आलेला, दहावी झालेला माणूस. कुठला नट, कुठला बोल्ट कुठल्या फळीवर आहे, ते त्यांना अंधारातही सांगता यायचं, असं सुमनकाकू सांगायच्या. कंपनी गेल्यावर काकांनी एका हार्डवेअरच्या गोदामात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. काकूंनी साड्यांना फॉल-पिको करायला घेतलं. एकुलती एक वैशाली तेव्हा अकरावीत होती आणि तिला इंजिनियर व्हायचं होतं.

तेव्हापासून घरातला सगळा बाजारहाट काकांनी अंगावर घेतला. "कमवायचं आता माझ्या हातात नाय ताई," ते एकदा म्हणाले होते. "वाचवायचं तेवढं हाय. ते तरी नीट करावं."

आणि ते नीट करायचे. अंबडच्या आतल्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक दुकान आहे. त्यावर पाटी नाही. सगळे त्याला 'डॅमेजचं दुकान' म्हणतात. कंपन्यांच्या डेपोतून, मोठ्या मॉलमधून परत आलेला माल तिथे येतो. खोकं फाटलेलं, डब्याला पोचा आलेला, जुन्या वेष्टनातला, नाहीतर तारीख महिन्याभरावर आलेला. अर्ध्या किमतीत, कधी त्याहून कमी. मंगळवारी नवा माल उतरतो म्हणून काका मंगळवारी जायचे. बिस्किटांचे तुकडे किलोवर कुठे मिळतात, तेही त्यांना माहीत होतं. पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलाव उरकल्यावर मेथीच्या उरलेल्या जुड्या कोण कशा देतं, बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, किती वाजता गेलं म्हणजे भाजीवाल्यांना घरी जायची घाई झालेली असते, हेही. कांदा ते नेहमी गोल्टी घ्यायचे, लहान बोराएवढा. "सोलायला वेळ जातो," काकू कुरकुरायच्या. "तुला कुठं गाडी पकडायचीय," काका म्हणायचे, आणि स्वतःच कांदे सोलत बसायचे.

त्यांचे काही नियम होते. पोचा आलेला डबा चालतो, फुगलेला चालत नाही. पोचा म्हणजे बाहेरून मार बसला, फुगला म्हणजे आत काहीतरी बिघडलं. दुधाचं आणि औषधाचं काही म्हणजे काही डॅमेजमधून घ्यायचं नाही. तारीख उलटलेलं फुकट दिलं तरी आणायचं नाही. आणि तारीख शिल्लक असली तरी नाकाला लावल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. "तारीख कंपनीची, नाक आपलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरी आणलेल्या प्रत्येक वस्तूवर ते काळ्या पेनाने मोठ्या अक्षरात तारीख लिहायचे आणि जवळच्या तारखेची वस्तू फळीवर पुढे ठेवायचे. कारखान्यातली सवय. त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं की वाटायचं, या माणसाचं स्टोअर कधी बंद पडलंच नाही.

सुरुवातीला मला या सगळ्याची किळस यायची. हे लिहायला आता जड जातं, पण खरं ते खरं.

आम्ही राहायला आल्यावर आठच दिवसांत काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या. अननस घातलेला, केशरी रंगाचा, वर काजूचे तुकडे. आदल्याच संध्याकाळी मी काकांना पिशवीतून पोचा आलेले डबे काढताना पाहिलं होतं. मी काकूंशी हसून बोलले, वाटी घेतली, आणि त्या गेल्यावर शिरा कचऱ्याच्या बादलीत टाकला. वाटी घासून, त्यात साखर घालून परत केली, कारण रिकामी वाटी परत करू नये असं माझ्या आईने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. आम्ही दोघी आपापल्या बादल्या घेऊन खाली उभ्या होतो. माझी बादली वरून उघडी होती आणि सगळ्यात वर तो केशरी शिरा होता. काकूंनी पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. त्यांनी बादली गाडीत रिकामी केली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आज पाणी लवकर जाणार हाय म्हणत्यात. भरून ठेवा."

त्यानंतरही त्या काही ना काही आणत राहिल्या. फक्त दारात उभ्या राहून आधी सांगायच्या, "हे साध्या दुकानातलं हाय बरं का." त्या वाक्याने मला जेवढं लाजवलं, तेवढं कुणाच्या भांडणाने लाजवलं नसतं.

काकांना ते कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असलं तरी त्यांनी कधी दाखवलं नाही. लॉकडाऊनमध्ये माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडे पेपर बंद झाला, दुधाच्या दोन पिशव्यांची एक झाली, हे तेवीस वर्षं माल मोजलेल्या माणसाच्या नजरेतून कसं सुटणार? बाजार उघडल्यावर एका सोमवारी काकांनी दार वाजवलं.

"ताई, उद्या मला अंबडला जायचंय. बसला लय वेळ लागतो. तुमची स्कूटर हाय, सोडाल का?"

"सोडते की काका."

"येताना दोन पिशव्या घ्या," ते म्हणाले. "तिथवर येताय तर बघून घ्या काही."

बस त्यांना कधीच लांब वाटली नव्हती. वर्षानुवर्षं ते बसनेच जात होते.

त्या मंगळवारपासून पुढे वर्ष-दीड वर्ष आम्ही दोघं जात राहिलो. ते मागे बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, पिशव्यांची घडी काखेत. दुकानात शिरलं की त्यांची चाल बदलायची. एरवी थोडे वाकून चालणारे काका तिथे ताठ व्हायचे. मला शिकवायचे, पण शिकवतोय असं वाटू न देता. "हे पाकीट दाबा. हवा धरून हाय ना? मग चांगलं. हे बघा, हे कसं ढिलं लागतं. याला कुठंतरी भोक हाय." तांदळाचं पोतं फाटलं असेल तर तळाचा मूठभर तांदूळ हातात घेऊन फुंकायचे. तेलाच्या पिशवीच्या शिवणीवर कागद टेकवून बघायचे. डाळीत किडा असला तर तो चालेल का, हे त्यांच्याकडे किड्याच्या जातीवर ठरायचं. माझी दोन्ही मुलं त्या काळात त्या दुकानावरच जगली, आणि त्यांना ते कळलंही नाही. उलट घरात कधी नव्हे ते ओट्सची आणि मधाची पाकिटं दिसायला लागली म्हणून ती खूश होती.

एका मंगळवारी काका एका फळीपाशी थांबले. लहान बाळांना भरवायच्या पिठाची पाकिटं लावलेली होती, चाळीस-पन्नास. काकांनी एक उचललं, भिंग लावलं, मग दुसरं, तिसरं. तारखेच्या जागी सगळ्या पाकिटांवर पांढरट डाग होता. कुणीतरी थिनर लावून पुसलं होतं.

त्यांनी एक पाकीट नेऊन शेठच्या टेबलावर ठेवलं. "हे काय हाय?"

"डेपोतूनच तसं आलंय, काका," शेठ म्हणाला. "माल चांगलाय. घ्यायचं तर घ्या, नाहीतर नका घेऊ."

"मी नाय घेणार. पण हे इथं राहणार पण नाय."

"असं कसं? पैसे घातलेत मी."

"शेठ, मोठ्या माणसानं वाईट खाल्लं तर ते ओकून टाकतं, नायतर तुमच्याकडं भांडायला येतं. हे ज्याच्या तोंडात जाणार, त्याला बोलता पण येत नाय."

आवाज चढलेला नव्हता. दुकानात दहा-बारा माणसं होती, ती सगळी थांबली. शेठने बराच वेळ मोबाईल पाहिल्यासारखं केलं. काका टेबलासमोरून हलले नाहीत. शेवटी शेठने दुकानातल्या माणसाला हाक मारली, ती पाकिटं मागच्या अंगणात नेऊन फोडायला सांगितली. काका मागे जाऊन उभे राहिले आणि शेवटचं पाकीट फुटेपर्यंत तिथेच थांबले. येताना त्रिमूर्ती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाले, "स्वस्त म्हणजे वाईट नाय ताई. पण स्वस्तात वाईट विकायला लय सोपं असतं."

या सगळ्या काटकसरीतून वैशाली इंजिनियर झाली. हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवण्याची गरज नव्हती, आणि वैशालीला ते ऐकायला आवडलंही नसतं. मुलगी हुशार होती, मनाने वाईट अजिबात नव्हती, पण बापाच्या पिशव्यांची तिला लाज वाटायची. काकूंनी मला सांगितलं होतं. बारावीत तिच्या वाढदिवसाला काकांनी केक आणला होता, मोठ्या बेकरीचा, पण शेवटच्या दिवसाचा, म्हणून निम्म्या किमतीत. मैत्रिणी आल्या होत्या. खोक्यावरची निम्म्या किमतीची चिठ्ठी काकांनी काढली होती, पण खालची एक राहिली. एका मुलीने ती मोठ्याने वाचली, बाकीच्या हसल्या. वैशालीने केक कापला, सगळ्यांना दिला, स्वतः खाल्ला नाही. "त्या दिवसापासून घरातलं खाताना ती आधी पाकीट उलटं करून बघती," काकू म्हणाल्या. "तिचे पप्पा समोर असले तरी."

शिक्षण झालं, पुण्यात नोकरी लागली, तिथलाच मुलगा पाहून लग्न झालं. काका-काकू वर्षातून दोनदा तिच्याकडे जायचे. काका तिथल्या फ्रिजमध्येही जवळच्या तारखेची दुधाची पिशवी पुढे आणून ठेवायचे, आणि वैशाली म्हणायची, "राहू द्या ना पप्पा. संपलं तर मागवू. दहा मिनिटांत येतं." परत आल्यावर काका मला कौतुकाने सांगायचे, दहा मिनिटांत कसं येतं ते. पण दोन दिवसांच्या वर तिथे त्यांना करमायचं नाही. तिथे त्यांच्या हाताला काही कामच नसायचं.

काकूंच्या पोटात दुखायला लागलं ते दिवाळीनंतर. आधी पित्त म्हणून गोळ्या घेतल्या. मग अंग पिवळं पडलं. तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. वैशाली रजा टाकून आली. तिचा नवरा आला. मुंबईच्या डॉक्टरांना कागद पाठवले, तिकडूनही वेगळं उत्तर आलं नाही.

मी दुपारी डबा घेऊन दवाखान्यात जायचे. त्या दिवशी डॉक्टर नुकतेच बोलून गेले होते. वैशाली कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसली होती, तिचा नवरा बाजूला उभा, काका भिंतीला टेकून. मी डबा खुर्चीवर ठेवला. तेवढ्यात वैशालीने मान वर केली आणि काकांकडे पाहिलं.

"आयुष्यभर तिला लोकांनी टाकलेलं खाऊ घातलंत पप्पा," ती म्हणाली. "फुटकं, शिळं, तारखा गेलेलं. दुसरं काय होणार होतं?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा नवरा "वैशाली, अगं" एवढंच म्हणाला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवली. मला आधी वाटलं, ते नाही म्हणताहेत. पण ते हो म्हणत होते.

मी तिथे होते. तारीख गेलेली एकही वस्तू या माणसाने घरात आणली नव्हती, हे मला माहीत होतं. वैशालीपेक्षा जास्त मला माहीत होतं. बाळाचं पीठ फोडून घेताना मी त्यांना पाहिलं होतं. माझ्या मुलांची ताटं मी त्यांच्या पिशवीतून भरली होती. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण आई मरायला टेकलेल्या मुलीला काय सुनावायचं, असं मनात आलं, आणि मी डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिथल्या डॉक्टरबाईंना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "असं काही नसतं. डब्यातलं किंवा तारखेजवळचं खाल्लं म्हणून हा आजार झाला, असं म्हणताच येणार नाही." मी धावत जाऊन काकांना सांगितलं.

"डॉक्टर चांगल्या हायेत," ते म्हणाले. "बोलायला पण चांगल्या हायेत."

आठवड्याभराने काकूंना घरी आणलं. मग काकांनी जे सुरू केलं ते बघवत नव्हतं. ते मोठ्या मॉलमध्ये जायचे आणि सगळ्यात महाग ते आणायचे. परदेशी सफरचंदं, एकेक कागदात गुंडाळलेली. काचेच्या बाटलीतला रस. केशराची डबी. भिंग खिशात असायचं, पण बाहेर निघायचं नाही. काकूंना दोन चमच्यांच्या वर काही जात नव्हतं. सफरचंदं टोपलीत सुकत होती. फळीवरच्या वस्तूंवर तारखा लिहिणंही थांबलं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता, द्राक्षांचा हंगाम भरात होता. काका मॉलमधून खोक्यातली द्राक्षं आणायचे, जाळीत ठेवलेले एकसारखे घड. एका सकाळी मी काकूंची वेणी घालत होते. काका अंघोळीला गेले होते. काकू हळूच म्हणाल्या, "ताई, मला मणी खायचेत."

"आहेत ना काकू, कालच काकांनी आणलेत."

"ते नाय. सुटे मणी."

नाशिकची द्राक्षं परदेशी पाठवताना घड कातरून नीट करतात. त्यातून गळलेले चांगले मणी रस्त्याकडेला क्रेटमध्ये किलोवर विकायला येतात. काका दरवर्षी क्रेट उचलून आणायचे, ते मला ठाऊक होतं. पुढचं काकूंनी सांगितलं.

"क्रेट आणला की आम्ही दोघं पेपर अंथरून निवडायला बसायचो. दुपारभर. चांगले एकीकडं, फुटलेले सरबताला, मऊ पडलेले गच्चीवर वाळवायला. कंपनी होती तोवर हे कधी घरी नसायचे ताई. घरी असले तरी बोलायचे नाय. मणी निवडताना बोलायचे. लहानपणचं, सायखेड्याचं, नदीचं." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाल्या, "आता आणा म्हटलं की तोंड फिरवत्यात. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी सांगितलं नाही. मी स्कूटर काढली, दिंडोरी रोडला गेले आणि चार किलो मणी घेऊन आले. काकूंच्या पलंगाजवळ पेपर अंथरून ओतले. काका बाहेरून आले, दारात थांबले. त्यांनी मण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे कशाला आणलं? उचला."

"मी मागितले," काकू म्हणाल्या.

"तुला चालायचे नाय ते."

"मला आता काय चालतंय?" काकू हसल्या. "बसा की थोडं. हात चालवा."

काका हळूहळू खाली बसले, भिंतीचा आधार घेत. एक मणी उचलला. दुसरा उचलला. मी स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं. काही वेळाने आतून त्यांचा आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, पण ते बोलत होते. मधूनच काकू "व्हय का" म्हणायच्या. मी चहा नेला तेव्हा काकू पडल्या होत्या, तळहातावर पाच-सहा मणी, त्यातला एक तोंडात धरलेला. काका खाली मान घालून निवडत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. हात मात्र थांबले नव्हते.

काकू त्यानंतर अकरा दिवसांनी गेल्या.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. वैशाली आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. तिने वरच्या फळीवरचा डबा काढला. त्यावर काकांच्या अक्षरात तारीख होती. तिने तो बराच वेळ हातात धरला, मग खाली बसली आणि रडायला लागली.

"मी दवाखान्यात बोलले ते," ती म्हणाली, "त्यांनी मनावर घेतलं असेल का?"

"तूच विचार ना त्यांना," मी म्हटलं. "आत्ता जा आणि सांग, रागात बोलले म्हणून."

ती उठली. तोंड धुतलं. हॉलमध्ये जाऊन काकांच्या शेजारी बसली. मी दारातून बघत होते. काका खिडकीबाहेर पाहत होते. वैशालीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि विचारलं, "पप्पा, चहा घेणार?"

"घेऊ की," काका म्हणाले.

तेवढंच झालं. ती पुण्याला गेली. सोबत चला म्हणून तिने पुष्कळ आग्रह केला, काका वर्षश्राद्धापर्यंत थांबतो म्हणाले. त्या वर्षात ते एकदाही अंबडला गेले नाहीत. मी मंगळवारी विचारायचे, ते "गुडघा दुखतो" म्हणायचे. शेठ माझ्याकडे त्यांची चौकशी करायचा. काका कोपऱ्यावरच्या दुकानातून लागेल तसं एकेक लहान पाकीट आणायचे, दुकानदार देईल ते, न बघता. एकदा त्यांच्या ओट्यावर बुरशी आलेला पाव होता. मी तो उचलून नेला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि वैशाली त्यांना न्यायला येणार, असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी संध्याकाळी कामावरून परतत होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तारीख जवळ आलेल्या वस्तूंची टोपली बाहेर मांडली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर नव्याने राहायला आलेली पल्लवी ती चाळत होती. नुकतं लग्न झालेली, नवरा सिन्नरला एमआयडीसीत कंत्राटावर. काका दुकानातून बाहेर पडत होते, हातात मिठाची एक पिशवी.

"काका, थांबा ना," ती म्हणाली. "सगळे म्हणतात तुम्हाला यातलं कळतं. हे घेऊ का? अर्ध्या किमतीत देतोय."

तिने त्यांच्या हातात शेवयांचं पाकीट दिलं. काकांनी ते घेतलं. त्यांचा अंगठा पाकिटाच्या शिवणीवर गेला, मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. क्षणभर वाटलं, आता ते नाकाला लावतील. त्यांनी पाकीट परत तिच्या हातात दिलं.

"मला त्यातलं कळत नाय बाई," ते म्हणाले. "ताजं घे. पूर्ण पैसे देऊन घे."

आणि ते निघाले. मी रस्ता ओलांडून पल्लवीपाशी गेले, ते पाकीट घेतलं. दाबलं, उलटं केलं, तारीख वाचली, तोंड किंचित फाडून वास घेतला. शेवया चांगल्या होत्या.

"घे तू," मी म्हटलं. मला वाटत होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा आला. "चांगल्या आहेत. माझी मुलं हेच खाऊन मोठी झाली. त्यांनीच आणून दिलेलं. कुणाला काही झालं नाही."

पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. दुकानदारानेही मान वर केली. मी वळून पाहिलं, तोवर काका चौकाच्या पलीकडे गेले होते, रिक्षांच्या रांगेमागून त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. मग तीही दिसेनाशी झाली.